जावईबापूंची जाळी

(स्थळ : ग्वाल्हेर. फूलबागेजवळचं जुनं घर, मागे अंगण, अंगणात एक कडुनिंब. काळ : २०२६ चा मे, अधिक ज्येष्ठ. दुपारचे चार, म्हणजे शहाण्या माणसांनी दारं लावून घेण्याची वेळ. अमेरिकेतले जावई अधिकाचं वाण घ्यायला आले आहेत. सामानात घडीची शेगडी आणि तिची जाळी.)

जावई : बाबा, शनिवारी बार्बेक्यू नक्की. चारला कोळसे पेटवायचे, पाचला पाहुणे, सहाला जेवण.

सासरे : चारला पेटवायचे?

जावई : तिकडे आम्ही चारलाच पेटवतो.

सासरे : तिकडे पेटवावं लागत असेल. इथे चारला पेटलेलंच असतं. पंचवीस तारखेपासून नवतपा लागलाय. ही फूलबाग बघायला प्रिन्स ऑफ वेल्स आला होता १९२२ साली. महिना कुठला? फेब्रुवारी! पाहुणा कधी बोलवावा हे माधवराव महाराजांना कळत होतं. आम्ही मात्र जावयाला मेमध्ये बोलावलं.

जावई : अधिक महिनाच मेमध्ये आला, त्याला तुम्ही काय करणार?

सासरे : हो, तेही खरं. हातात काय ते?

जावई : थर्मामीटर. चिकनच्या पोटात खुपसायचा. आतून ७४ अंश झालं की शिजलं.

सासरे : आत्ता किती दाखवतोय?

जावई : ४६.

सासरे : कशात खुपसलाय?

जावई : कशात नाही. खुर्चीवर ठेवलाय.

सासरे : मग राहिले २८. कोळसे कमी आणा.

सासूबाई : (पन्हं घेऊन येत) चिकन? अधिकात? आणि पलीकडे प्राणिसंग्रहालय आहे, त्याचा तरी विचार करा! कूलर लावल्यावर तो वाघ बिचारा कुठे जरा डोळा लावतो. तंदुरीचा वास गेला म्हणजे रात्रभर डरकाळ्या.

जावई : पनीर घेऊ, आई. सळीवर कांदा, ढोबळी मिरची, पनीर, पुन्हा कांदा.

सासूबाई : कांदा नको.

जावई : मग लसणाचं मॅरिनेशन...

सासूबाई : लसूण नको.

सासरे : सळी चालेल ना गं?

जावई : पनीर आचेवर वितळत नाही, आई. आंबट घालून दूध फाडलेलं असतं ना, म्हणून...

सासूबाई : गेली चाळीस वर्षं या घरात लिंबू मीच पिळतेय, जावईबापू. चालेल पनीर. आणि भरताची वांगी आणा. वांगं चातुर्मासात नको; यंदा अधिकामुळे आषाढी पार जुलैअखेरीस गेलीय. खाऊन घ्या.

जावई : पाहुणे किती? शेगडीवर एका वेळी आठ सळ्या मावतात.

सासूबाई : तेहतीस.

जावई : तेहतीस सळ्या?

सासूबाई : माणसं. अधिकाचं सगळं तीस-तीन. अनारसे तेहतीस, मग माणसं बत्तीस बोलावू? जीवाजीगंजची सगळी आत्याकडची येणार, दौलतगंजची निम्मी.

जावई : आठाची एक खेप, पंधरा मिनिटं... पाच खेपा. सव्वा तास! ज्याला हवं त्याने येऊन वाढून घ्यायचं.

सासरे : छे! आमच्याकडे पाहुणा उठत नाही. जयविलासात जेवणाच्या टेबलावर चांदीची आगगाडी फिरते, ब्रँडी आणि चिरूट घेऊन. डब्यातली बाटली उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की निघते. आपल्याकडे गाडी नाही, तुमचा मेव्हणा आहे. तो मात्र काही उचललं नाही तरी थांबतो.

सासूबाई : त्याचं राहू दे. बाट्या करा. कंडे पेटवले की पन्नास बाट्या एकदम होतात. सव्वा तास काय धरून बसलात!

जावई : पण निखाऱ्यावर राख चढली की मगच ठेवायचं, हा पहिला नियम आहे.

सासरे : आमचा पुढचा आहे. बाटी राखेतच पुरायची.

(शनिवार. रात्रीचे साडेनऊ. लू थांबली आहे, भिंती अजून तापलेल्या. कंड्यांचा धूर कडुनिंबात अडकला आहे. तेहतीस माणसं धुराकडे पाठ करून बसली आहेत आणि धूर जागा बदलतो आहे.)

जावई : बाबा, चिमटा द्या, मी उलटतो.

सासूबाई : अजिबात नाही! जावयाला विस्तवापुढे बसवलं म्हणून जीवाजीगंजात वर्षभर ऐकायला मिळेल. तुम्ही खुर्चीवर बसा आणि सांगा. हे करतील.

सासरे : (सुपाने वारा घालत) सांगा, साहेब.

जावई : वांगी थेट निखाऱ्यावर. टोचू नका. टोचलं की आतला रस जातो.

सासरे : वांग्याला टोचे मारतात हो. तेल लावून, चार ठिकाणी.

जावई : नाही नाही. स्टेकला टोचायचंच नसतं.

सासरे : हे वांगं आहे.

जावई : तत्त्व तेच.

(फाट! वांगं फुटतं. गर सासऱ्यांच्या चष्म्यावर, बिया आत्याबाईंच्या चंदेरीवर. निखारे अंगणभर.)

शेजारी : (गच्चीवरून) भाईसाब, बारात आ गई क्या?

सासरे : (चष्मा पुसत) नहीं जी, दामाद आए हैं! (जावयाला) बाकीची अकरा टोचू का?

जावई : टोचा.

सासूबाई : देठापाशी दाबून बघा. बोट आत गेलं की काढा आणि पातेलं पालथं घाला वर. वाफेवर साल आपोआप सुटतं. त्याला थर्मामीटर लागत नाही.

जावई : आणि पनीर? शेगडी आहे, सळ्या आहेत... आई, माझी जाळी कुठाय?

सासूबाई : सकाळीच घेतली. अनारसे निथळायला.

जावई : आठ सळ्यांच्या जाळीवर तेहतीस अनारसे?

सासूबाई : उभे लावले की मावतात. आडवं कोण ठेवतं? तूप तसंच राहतं आत.

सासरे : सळ्या दोन विटांवर ठेवा. ए, विटा आण रे! (मेव्हणा थांबलेला असतो.)

जावई : पण आई, जाळी मला परत न्यायचीय. पुढच्या महिन्यात ऑफिसची पार्टी आहे.

सासूबाई : न्या की. उद्या वाण देताना तीच देते, वर अनारसे ठेवून. अधिकात जावयाला जाळीदारच द्यायचं असतं.