शेठ, सही तेवढी करा

शेठ,

पत्राच्या माथ्यावर स. न. वि. वि. लिहायची आपली रीत आहे. त्यातला पहिला 'स' सप्रेमचा. तो माझ्याच्यानं लिहवला नाही, म्हणून नुसतं 'शेठ' लिहून सुरुवात करते.

तुम्ही मला दोन वर्षं 'ताई' म्हणत आलात. ताईला शब्द दिलाय, असं चारचौघांत सांगत आलात. त्या शब्दाचा हिशेब मी तुमच्या ऑफिसातल्या सोफ्यावर बसून सहा वेळा मागितला. सहाही वेळा चहा मिळाला. सातव्यांदा तुमच्या माणसानं 'साहेब साइटवर आहेत' म्हणून सांगितलं, तेव्हा तुमची गाडी खाली उभी होती आणि तिचं इंजिन गरम होतं. मी हात लावून पाहिलं. म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. त्यात तुमचं नाव नाही. ते तुम्हाला माहीत आहे, मला आहे आणि आमच्या बत्तीस जणांच्या युनिटला आहे, तेवढं पुरे.

हिशेब साधा आहे. सिनेमाचं बजेट 65 लाख. तयारीला 6, चोवीस दिवसांच्या शूटला दिवसाला 2 प्रमाणे 48, आणि एडिट, डबिंग, साउंड, डीआय मिळून 11. यातले 12 लाख माझे, म्हणजे नोकरी सोडताना हातात आलेला पीएफ आणि आईनं मोडलेली एफडी. 13 लाख मित्रमंडळींचे. राहिलेले 40 तुमचे: मुहूर्ताला 5, शूट सुरू व्हायच्या आधी 20, शूट संपल्यावर 15. हे आकडे तुमच्याच अकाउंटंटनं टाइप केले होते.

मुहूर्ताला तुम्ही आलात, नारळ फोडलात, क्लॅप दिलीत. पाच लाखांचा चेक कॅमेऱ्याकडे बघत दिलात. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात तुमचा फोटो 'निर्माते' म्हणून आला. तो तुमच्या ऑफिसच्या भिंतीवर फ्रेम करून लावलाय, मी पाहिलाय. मग 20 लाखांची वेळ आली तेव्हा तुम्ही म्हणालात, "ताई, तुम्ही शूट सुरू करा, सोमवारी आरटीजीएस करतो." ज्वारी थांबणार नव्हती. मी सुरू केलं.

मंगळवेढ्याची काळी जमीन, जानेवारी 2024. आमची गोष्ट एवढीच होती: एक आजी आणि तिचा नातू, हुरड्यात आलेली ज्वारी आणि तिच्यावर उतरणारी पाखरं. माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा बारा वर्षांचा पोरगा. अकरा दिवस सगळं नीट चाललं. अकराव्या दिवशी संध्याकाळी ऊन कलत होतं, कणसांच्या मागून उजेड येत होता, आणि आजी पहिल्यांदाच नातवाला त्याच्या बापाबद्दल सांगणार होती. त्या सीनचे चार शॉट होते. दोन झाले आणि प्रॉडक्शनचा मुलगा माझ्या मागे येऊन हळूच म्हणाला, "मॅडम, लाइटवाले गाडी भरतायत."

तो सोमवार होता. दुसरा सोमवार.

हातात 2 लाख उरले होते. स्वयंपाक करणाऱ्या मावशींचे पैसे आधी चुकते केले, मग स्पॉटदादांचे, मग लाइटमनचे. कॅमेरामननं पैसे घेतले नाहीत. रात्री अकराच्या एसटीनं अर्धं युनिट गेलं. मी तुम्हाला नऊ फोन केले.

तुम्ही इमारती बांधता. तुमचं काम थांबलं तर स्लॅब जागच्या जागी राहतो, सळया गंजतात फार तर. दोन वर्षांनी पैसे आले की तिथूनच पुढे बांधता येतं. सिनेमाचं तसं नाही हे तुम्हाला मुहूर्ताच्या आधीच बसवून सांगितलं होतं. फेब्रुवारीत ज्वारी काढली. शेत मोकळं झालं. आमचे अकरा दिवस उभ्या पिकातले आहेत, उरलेले तेरा कशात करायचे?

आणि पोरगा. गेल्या महिन्यात त्याला कपडे घालून पाहिले. तोच निळा शर्ट, खिशाला ठिगळ असलेला. त्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटं वर थांबल्या. पोटावरचं बटण लागेना, तो श्वास आत घेऊन लावायला बघत होता, कारण त्याला वाटत होतं की बटण लागलं तर शूट होईल. त्याचा आवाज फुटलाय. ओठावर मिसरूड दिसायला लागलंय. "दाढी करतो मी, चालंल का?" असं त्यानं मला विचारलं, शेठ. चौदा वर्षांचा आहे तो.

आजीचं काम करणाऱ्या बाई गावातल्याच. आयुष्यात कॅमेऱ्यापुढे कधी उभ्या राहिल्या नव्हत्या. शूट थांबलं तेव्हा वेशभूषेतलं हिरवं लुगडं त्यांच्याचकडे राहिलं. परवा भेटायला गेले तर त्यांनी पत्र्याच्या ट्रंकेतून ते काढून दाखवलं. धुऊन, घडी करून, आत डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेलं. दोन वर्षांत एकदाही नेसलेल्या नाहीत. "सीनमधलं हाय न्हवं, इटंल म्हणून ठिवलंय." कंटिन्युइटी हा शब्द त्यांना माहीत नाही. तुमच्यापेक्षा त्यांना तो जास्त कळलाय.

सत्यजित राय यांचं 'पथेर पांचाली' तुम्ही पाहिलेलं नाही हे तुम्ही मला पहिल्या भेटीतच सांगितलं होतंत. त्याची हकिकत तरी वाचा. 1952 साली त्यांनी सुरुवात केली ती काशफुलांच्या शेतातून. एक दिवस शूट झालं. पुढच्या आठवड्यात जाऊन बघतात तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. तो सीन पुरा करायला पुढच्या वर्षीच्या फुलांची वाट बघावी लागली. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, घरातले दागिने गेले, आणि पैशांअभावी काम महिनोन्‌महिने बंद राहिलं. शेवटी पश्चिम बंगालच्या सरकारनं पैसे दिले तेव्हा 1955 साली सिनेमा लोकांपुढे आला. मधल्या काळात गोष्टीतल्या अपूचा आवाज फुटला नाही, त्याची बहीण दुर्गा मोठी दिसायला लागली नाही आणि म्हातारी इंदिर ठाकरुण गेली नाही, हे तीन चमत्कार होते, असं राय पुढे सांगत. त्या म्हातारीचं काम करणाऱ्या चुनीबालादेवी सिनेमा लागायच्या आधीच गेल्या. म्हणजे पैसा उशिरा येतो तेव्हा सिनेमाचं काय होतं हे आपल्या देशात सत्तर वर्षांपासून लिहून ठेवलेलं आहे. आमच्या वाट्याला पहिला चमत्कार आला नाही. तिसऱ्यासाठी मी रोज देवाला हात जोडते.

तुमची कारणं माझ्या डायरीत तारखांसकट आहेत. मार्च एंडिंग झालं की. निवडणुकीची आचारसंहिता उठली की. पितृपंधरवडा संपला की, या दिवसांत पैसा बाहेर काढत नाहीत. दिवाळीत फ्लॅट विकले की. मग पुन्हा मार्च एंडिंग. मध्येच तुम्ही विचारलंत, 'सैराट'नं शंभर कोटी केले, आपला किती करेल? मध्येच पुतण्याला हिरो घ्या म्हणालात. गोष्टीत हिरोच नाही, म्हातारी आहे आणि पोर आहे, म्हटल्यावर म्हणालात, मग एक गाणं तरी टाका हुरडा पार्टीचं. मी ऐकून घेतलं. पैसे मागायला आलेल्या माणसाला ऐकून घ्यावं लागतं आणि तुम्हाला ते ठाऊक होतं.

पंढरपुरात मी एका सराफांकडेही गेले होते. त्यांनी स्क्रिप्ट हातात घेतली, दोन पानं वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "मला यातलं कळत नाही, बाई. मी पैसे अडकवणार नाही." पाच मिनिटांत विषय संपला. मी दुपारच्या गाडीनं दुसऱ्या दारात जाऊन उभी राहू शकले. शेठ, त्या माणसाचा मी आजही आदर करते. नकारानं माझा एकही सिनेमा बुडालेला नाही. तुमच्या होकारानं बुडत आला. तुम्ही 'नाही' म्हणाला असतात तर मी 25 लाखांत बसेल अशी गोष्ट लिहिली असती, बारा दिवसांत केली असती, छोट्या कॅमेऱ्यावर केली असती. तुमच्या 'हो'वर मी बत्तीस माणसं उभी केली.

तुमचं एक वाक्य मला लागलं. "सरकार एवढं अनुदान देतं की मराठी सिनेमाला, ते घ्या." शेठ, ते अनुदान सिनेमा पुरा झाल्यावर, सेन्सॉर झाल्यावर, परीक्षण समितीनं पाहून दर्जा ठरवल्यावर मिळतं. शूटच्या अकराव्या दिवशी डिझेल भरायला ते येत नाही. चॅनलवाले आधी विचारतात, चेहरा कोण? परदेशी फंड आहेत. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'ला रॉटरडॅमच्या ह्युबर्ट बाल्स फंडाचा हातभार लागला, आणि 2014 साली तो सिनेमा व्हेनिसला जिंकला. पण त्याच्यामागे विवेक गोम्बरसारखा निर्माता शेवटपर्यंत उभा होता. रोहन कानवडेंचा 'साबर बोंडं' 2025 साली सनडान्सला जागतिक कथापटांच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार घेऊन आला. मराठी गोष्ट जगात पोचते, पैसाही कुठून कुठून गोळा होतो. गोळा करणाऱ्याचे हात मात्र मोकळे लागतात. माझे तुम्ही बांधून ठेवलेत.

आता मुद्द्यावर येते.

पाच लाख देऊन तुम्ही ज्या करारावर सही केलीत, त्यात सही झाल्या दिवसापासून सिनेमाच्या हक्कांत तुमचा साठ टक्के वाटा आहे. पैसे कधीपर्यंत आले नाहीत तर तो वाटा जाईल, हे मात्र त्यात कुठेच नाही. वकिलाला न दाखवता मी सही केली ही माझी चूक, आणि हे वाचणाऱ्या नव्या पोरापोरींना माझं कळकळीचं सांगणं आहे: जेवढे पैसे खात्यात, तेवढाच हक्क कागदावर. सिनेमाचं नावही तुमच्याच बॅनरखाली नोंदलेलं आहे. म्हणजे तुमची एनओसी नसेल तर मी सेन्सॉरकडे जाऊ शकत नाही, अनुदानाचा अर्ज करू शकत नाही आणि दुसऱ्या कोणाकडून एक रुपया घेऊ शकत नाही. गेल्या वर्षी पणजीला फिल्म बझारमध्ये मी वीस मिनिटांचं फुटेज घेऊन फिरले. लोक बघत होते, थांबत होते. आजीचा तो संध्याकाळचा अर्धा सीन एका बाईंनी दोनदा मागे घेऊन पाहिला. आणि मग सगळ्यांचा एकच प्रश्न: हक्क कोणाकडे आहेत?

माझ्याकडे आता मार्ग आहे. पटकथेचा उत्तरार्ध मी नव्यानं लिहिलाय. पोरगा दोन वर्षांनी त्याच शेतात परततो, आवाज फुटलेला, शर्ट आखूड झालेला. जे तुमच्यामुळे घडलं ते मी गोष्टीत घेतलं. उरलेल्या तेरा दिवसांचे 26 लाख आणि नंतरच्या कामाचे 11, असे 37 लाख हवेत. पुण्याची एक तरुण निर्माती 20 घालायला तयार आहे. बाकीचे आम्ही लोकांकडून उभे करतोय. 1976 साली गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून श्याम बेनेगलांचा 'मंथन' उभा केला आणि मग ट्रक भरभरून आपला सिनेमा बघायला गेले. आमच्याकडे शाळेतले मास्तर आहेत, बॅंकेतल्या बाई आहेत, आजीच्या गल्लीतल्या बचत गटानं अकरा हजार काढून ठेवलेत. त्यांचे पैसे मी अजून घेतलेले नाहीत. तुमची सही झाल्याशिवाय घेणारही नाही. तुमच्या करारात त्यांचा पैसा अडकवायचं पाप मी करणार नाही.

तुमचे 5 लाख बुडणार नाहीत. ते पहिल्या उत्पन्नातून आधी परत मिळतील, तसं एनओसीच्या मसुद्यात दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय. नाव हवं असेल तर आभारात पहिलं लावते. भिंतीवरचा फोटो काढायला मी सांगत नाही.

मला तुमच्याकडून आता पैसे नकोत. तारीख नको, शब्द तर नकोच. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर एनओसी टाइप करून तयार आहे, फुलीची खूण जिथे आहे तिथे तीन सह्या. गुरुवारी सकाळी दहाला मी तुमच्या ऑफिसात येते आहे. बरोबर वकील आहेत आणि पेनही आणते. साहेब साइटवर असतील तर साइटवर येईन.

शेतमालक काकांचा काल फोन होता. यंदा शाळू बेताची आहे पण बरी आहे, पोटऱ्यात आलीय, जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात हुरड्याला येईल म्हणाले. माळा त्यांनी मोडलेला नाही. एक पाय कुजला होता, तो बदललाय.

गुरुवारी, दहाला.