नागपुरात उणे चाळीस

मे महिन्यातले नागपूर. बॉनेटवर पापड भाजून निघावा अशी दुपार, आणि स्कॅनर सांगतो, इंजिनाचे तापमान उणे चाळीस. वर्कशॉपात कुणालाही यात काही वावगे वाटत नाही. कोड पी ०११८, म्हणजे कूलंटचा टेम्परेचर सेन्सर गेला, बदला! नवा सेन्सर बसतो, कोड पुसला जातो, गाडी फाटकापर्यंत जाते आणि चेक इंजिनचा दिवा पुन्हा उजळतो. पुन्हा उणे चाळीस. विदर्भात अशी थंडी पडली तर संत्र्यांचे काय होईल, हा प्रश्नसुद्धा कुणाला पडत नाही. निदान तेवढे प्रगल्भ होते : ‘मग ईसीएम गेला असेल.’

उणे चाळीस हा हवामानाचा अंदाज नव्हे, इंजिनाच्या संगणकाने, म्हणजे ईसीएमने, टेकलेले हात आहेत. दोन तारांचा हा सेन्सर म्हणजे तापला की रोध कमी होणारा थर्मिस्टर. बऱ्याच गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच किलोओहम, ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास. ईसीएम आतल्या एका रोधकातून त्याला ५ व्होल्ट पुरवतो आणि तारेवर किती उरले त्यावरून तापमान ताडतो. वाट कुठेही तुटली की पाचच्या पाच व्होल्ट तसेच उभे राहतात आणि बिचारा संगणक आपल्या कोष्टकातला सर्वांत गारठलेला आकडा दाखवतो. वाट सेन्सरच्या पोटात तुटली, कनेक्टरच्या गंजलेल्या पिनेत की उंदराने कुरतडलेल्या वायरीत, हे कोड सांगत नाही. ते शोधायला मल्टिमीटर लागतो, जो पाचशे रुपयांच्या आत मिळतो. कनेक्टर काढा, इग्निशन चालू करा, दोन पिनांमध्ये ५ व्होल्ट येतात का बघा. नसतील, तर सेन्सरचा काय दोष? असतील, तर इग्निशन बंद करून सेन्सरचे ओहम मोजा, गार असताना आणि गरम पाण्यात बुडवून. तेही जड वाटत असेल तर कनेक्टरच्या त्या दोन पिना वायरच्या तुकड्याने जोडा. स्कॅनरवरचे उणे चाळीस उडी मारून शंभराच्या वर गेले, की वायरिंग आणि ईसीएम दोघेही निर्दोष सुटले. पण उंदराला पार्ट नंबर नसतो, म्हणून तो कुठल्याच निदानात येत नाही.

यावर म्हणतात, हल्लीच्या गाड्या नाजूक, मीटर लावला तर ईसीएम उडेल. टेस्ट लॅम्प खुपसला किंवा चालू सर्किटवर ओहम मोजले तर घोटाळा होऊ शकतो, हे खरे. पण व्होल्टवर ठेवलेला साधा डिजिटल मीटर सर्किटमधून नावापुरताच करंट घेतो. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. मीटरला सगळे कळत नाही. क्रँक सेन्सर गार असताना शहाण्यासारखा वागतो आणि तापल्यावर दगा देतो. हॉल जातीच्या सेन्सरचे ओहम मोजून काहीच हाती लागत नाही. मान्य! पण म्हणून मोजायचेच नाही? तापलेला सेन्सर तापलेला असतानाच तपासा, हॉलचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघा. वेळ नाही, ही तिसरी सबब तर ऐकवत नाही. दोनदा सेन्सर बदलायला वेळ आहे, दोन पिना तपासायला नाही! आणि या अंदाजाचे पैसे भरतो कोण? स्कॅनिंगचा चार्ज गिऱ्हाइकाकडून, सेन्सरचे पैसे त्याच्याकडून, लेबर त्याच्याकडून, आणि सेन्सर निर्दोष होता हे उघड झाले तरी स्पेअर पार्टच्या दुकानात पाटी तयार : इलेक्ट्रिकल पार्ट परत घेतले जाणार नाहीत. ज्याने चूक केली त्याच्या खिशातून एक रुपया जात नाही. मग त्याने मीटर विकत तरी कशाला घ्यावा?

गाडी आत घेताना जॉब कार्डावर किलोमीटर लिहितात, टाकीत पेट्रोल किती, स्टेपनी आहे का, पायाखालची मॅट किती, प्रत्येकाला रकाना. मॅट तर वाकून मोजतात. त्याच कार्डावर काढलेल्या सेन्सरचे ओहम आणि कनेक्टरवरचे व्होल्ट लिहायला दोन रकाने छापा, आणि ते कोरे असतील तर गिऱ्हाइकाने सेन्सरचे पैसे देऊ नयेत. मग बघा, किती ड्रॉवरांतून मल्टिमीटर बाहेर निघतात. काहींची बॅटरी मात्र बदलावी लागेल.