स्थानिक असण्याची शिक्षा

मुंबईतल्या मरोळ नाक्यावर रिक्षा पकडायची आणि पवई सांगायचे. पाच-सहा किलोमीटरच्या टप्प्यात तीन मोठ्या संस्था लागतात. १९५८ सालची आयआयटी मुंबई. विहार तलावाकडची आयआयएम मुंबई. ही १९६३ सालची ‘नीटी’, २०२३ मध्ये आयआयएम झाली. आणि पवईतच वर्ग भरवणारे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ, राज्याने २०१४ च्या कायद्याने काढलेले. नकाशा समोर ठेवला तर मरोळच्या मुलाइतकी सोय महाराष्ट्रात फार थोड्या मुलांची असेल.

आता नकाशा बाजूला ठेवा. पाइपलाइनच्या वस्तीत, मरोशीच्या पाड्यात, गावठाणाला चिकटलेल्या चाळींत जाऊन विचारा, या तिन्हींपैकी एखाद्या ठिकाणी इथले कोण शिकायला गेले? कामाला जाणारे भेटतात. कँटीनमध्ये, सफाईवर, गेटवर. शिकायला गेलेला शोधावा लागतो.

माझे भांडण आहे ते एका समजुतीशी. मुंबईत राहतो म्हणजे शिक्षण दाराशी आहे, ही ती समजूत. सरकारच्या योजना तिच्यावर बेतलेल्या आहेत आणि मंत्रालयापासून मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या डोक्यात ती घट्ट बसली आहे. गावाकडून आलेला मुलगा गरजू, मुंबईतला मुलगा सोयीतला. मरोळमध्ये बारावीचा निकाल लागल्यावर जो आठवडा जातो, तो ज्याने पाहिला आहे त्याला ही समजूत पटणार नाही.

विधी विद्यापीठाचे घ्या. तिथे प्रवेश ‘क्लॅट’मधून. ही परीक्षा फक्त इंग्रजीत होते आणि खुल्या गटाला नुसत्या अर्जाचे ४,००० रुपये पडतात, अनुसूचित जाती-जमातींना ३,५००. राज्याच्या सीईटी कक्षाची विधी परीक्षा मराठीतून देता येते. म्हणजे महाराष्ट्राला मराठीत कायद्याची परीक्षा घेता येते, हे सिद्ध झालेले आहे. तरीही राज्याने स्वतःच्या कायद्याने, स्वतःच्या पैशाने काढलेल्या विद्यापीठाच्या दारात मराठी माध्यमाच्या मुलीला आधी इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते, मग कायद्याची. जिच्या आईबापाने झोपडी तोडताना कागद दाखवायला वकील शोधला, तिला वकील व्हायचे असते. तिच्यासाठी तरी हे दार उघडायला हवे होते.

आयआयटीत फी हा पहिला अडसर नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिकवणी शुल्क माफ आहे. एक लाखापेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातल्या मुलालाही पूर्ण माफ, पाच लाखांपर्यंत दोन-तृतीयांश माफ. अडते ते त्याच्या बरेच अलीकडे. जेईई मेन २०२१ पासून मराठीतून देता येते, पण पुढची ॲडव्हान्स्ड इंग्रजी आणि हिंदीतच. शिवाय या परीक्षेची तयारी अकरावी-बारावीच्या वर्गात होत नाही, क्लासमध्ये होते, आणि क्लासची दोन वर्षांची फी इथल्या कितीतरी घरांच्या वर्षाच्या कमाईएवढी भरते. सगळे पार करून नंबर लागला तरी जागा पक्की करायला ठरलेल्या वेळेत पैसे भरावे लागतात. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका रोजंदारी मजुराच्या दलित मुलाची आयआयटी धनबादची जागा १७,५०० रुपये मुदतीत न भरल्यामुळे गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबरला, घटनेच्या कलम १४२ खाली, ती परत मिळवून दिली. सतरा हजार पाचशे रुपयांसाठी सरन्यायाधीशांपर्यंत जावे लागले. किती जण जाऊ शकतात?

पण आयआयटीचे राहू द्या. ती थोड्यांसाठीच असते. साधी बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करायची तर मरोळच्या मुलाने कुठे जायचे?

मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९९० मध्ये झाला. २०११ च्या जनगणनेत शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३०.८५ लाख होती आणि उपनगराची ९३.५७ लाख. तिप्पट. कला, वाणिज्य, विज्ञान शिकवणारे सरकारी महाविद्यालय या ९३ लाखांना एक आहे. जोगेश्वरी पूर्वेचे इस्माईल युसूफ, १९३० सालचे. तेही सर महंमद युसूफ यांनी १९१४ मध्ये मुस्लिमांच्या शिक्षणासाठी आठ लाख रुपये दिले होते म्हणून उभे राहिले. योगायोगाने ते मरोळच्याच, महापालिकेच्या के-पूर्व विभागात आहे, पण ते मरोळला पुरेल की अख्ख्या उपनगराला? एका दात्याची थैली आणि इंग्रजांची राजवट, त्यावर उपनगराचे सरकारी उच्चशिक्षण आजही चालले आहे.

नंतर सरकारने काही केले नाही असे नाही. २०१९ मध्ये डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन केले. त्यात चार सरकारी संस्था एकत्र आणल्या: विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि माध्यमिक शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालय. चारही दक्षिण मुंबईत. २०२४ मध्ये नवे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ते जीटी आणि कामा रुग्णालयांत, म्हणजे पुन्हा सीएसएमटीच्या अलीकडे-पलीकडे. जिथे आधीपासून होते तिथेच नवे आले. माणसे मात्र गेली पन्नास वर्षे उत्तरेला सरकत आहेत. गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, कामगारांची पोरे अंधेरी, मुलुंड, मालाड, त्याच्याही पलीकडे गेली. सरकारची कॉलेजे त्यांच्या मागे आली नाहीत.

आता मेट्रो आली, असे कोणी म्हणेल. खरे आहे, मेट्रो ३ मरोळ नाक्याच्या पोटातून थेट चर्चगेटला जाते. आरे ते कफ परेड एका बाजूचे कमाल तिकीट ७० रुपये. रेल्वेचा विद्यार्थी पास स्वस्त आहे, पण मरोळला रेल्वे नाही. आधी बसने अंधेरी गाठायची, आणि बेस्टचे साध्या बसचे किमान भाडे मे २०२५ पासून पाचाचे दहा झाले. रोजचे वीस रुपये म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात महिन्याचा रेशनचा हिशोब वहीत लिहिला जातो त्यांना विचारा.

खासगी महाविद्यालये आहेत की, अंधेरीच्या दोन्ही बाजूंना. आहेत, आणि त्यातली काही चांगली आहेत. पण तिथल्या अनुदानित वर्गाच्या जागा पहिल्या यादीतच वरच्या टक्केवाल्यांनी भरतात. उरते ते त्याच इमारतीतले ‘सेल्फ फायनान्स’, फी कित्येक पटीने जास्त. हे आपोआप झालेले नाही. १९८३ मध्ये विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. २००१ पासून नव्या परवानग्यांना ‘कायम विनाअनुदान’ हा शिक्काच लागला. सरकारने हात कायमचा काढून घेतला, आणि त्यानंतर जन्मलेली मुले आता पदवीच्या वयाची आहेत.

केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या पाहणीत १८ ते २३ वयोगटातल्या दर शंभरामागे उच्च शिक्षणातली नोंदणी देशात २८.४ होती, महाराष्ट्रात ३५.३. आपण सरासरीच्या वर आहोत, हे भाषणात सांगायला बरे वाटते. त्याच पाहणीत देशातल्या अनुसूचित जमातींचा आकडा २१.२ आहे. मरोळमध्ये जमातीचे लोक आहेत हेच अनेकांना ठाऊक नसते. आहेत. मरोशीपाड्यापासून आत आरेच्या जंगलात शिरलात की खांब्याचा पाडा, जीवाचा पाडा, वणीचा पाडा. एकूण २७ पाडे सांगतात. वारली, मल्हार कोळी, कोकणा. १९४९ मध्ये आरेची दूध वसाहत आली, तेव्हा ही माणसे तिथे होती.

त्यांच्या मुलाला जमातीचा दाखला हवा असेल तर ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, भटक्या-विमुक्तांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. या तारखा पाइपलाइनच्या वस्तीतल्या आयांना पाठ असतात. आजोबा त्या तारखेला ज्या जिल्ह्यात होते तिथल्या कचेरीतून दाखला काढायचा, मग इथे जात पडताळणीची, म्हणजे व्हॅलिडिटीची फाइल टाकायची. ज्या आजोबांनी शाळेचे तोंड पाहिले नाही त्यांचा शाळेचा दाखला शोधत नातू उन्हाळाभर गावी फिरतो. पाड्यातल्या वारल्याला तर फिरायला गावही नाही, तो होता तिथेच आहे. जमीन सरकारकडे गेली, त्याच्या हाती कागद आला नाही. व्हॅलिडिटी वेळेत आली नाही की व्यावसायिक अभ्यासक्रमातली राखीव जागा हातची जाते आणि वर्षही जाते.

आणि आता या मुलाला सरकार जे ‘स्थानिक’ म्हणते त्याविषयी. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध मुलांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. आदिवासी मुलांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम् योजना आहे. मुंबईत शिकणाऱ्याला स्वाधारमधून वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. योजना चांगली आहे, जव्हार-मोखाड्याच्या, बीड-हिंगोलीच्या मुलांना तिचा आधार आहे, त्यातला एक रुपया कमी करा असे मी म्हणणार नाही. पण अट अशी की विद्यार्थी ज्या शहरात शिकतो तिथला रहिवासी नसावा. आरेतला वारली मुलगा मुंबईचा रहिवासी. पाइपलाइनवरचा बौद्ध मुलगा मुंबईचा रहिवासी. दोघेही बाद.

कारण त्यांना घर आहे. ते घर दहा बाय दहाचे असते. माणसे पाच किंवा सहा. एक जण रात्रपाळीचा, तो दिवसा झोपणार. टीव्ही शेजारच्याचा असला तरी आवाज सगळ्यांचा. डोक्यावरून विमाने. पाड्यात असाल तर पावसाळ्यात वीज जाणार आणि संध्याकाळनंतर बिबट्याच्या भीतीने बाहेर पडायचे नाही. परगावच्या मुलाला खोली लागते हे सरकारला कळते. इथल्या मुलालाही अभ्यासाला चार भिंती लागतात, हे कळायला एवढा वेळ का लागावा?

जुलै २०२४ मध्ये सरकारने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या इतर मागास, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल गटांतल्या मुलींचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. हा निर्णय मोठा आहे आणि त्याचे श्रेय द्यायलाच हवे. पण तो केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्यांसाठी आहे. खासगी आणि अभिमत विद्यापीठे त्यातून वगळली आहेत. बी.ए.ला बसलेल्या मुलीला त्याचा उपयोग नाही. मरोळच्या मुली बहुतेक तिथेच असतात, नाहीतर सीप्झला लागलेल्या असतात.

सीप्झ १९७३ चे. दागिन्यांचे, इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने, हजारो मुली-बाया गेटमधून आत जातात. ‘बारावी झाली, सीप्झला लागली’ हे वाक्य इथे लग्न ठरल्यासारखे सांगितले जाते. त्यांतल्या अनेकींना पुढे शिकायचे असते. त्या एक्स्टर्नलचा, म्हणजे बाहेरून पदवीचा फॉर्म भरतात, पुस्तक पिशवीत ठेवतात, आणि दुसऱ्या वर्षी फॉर्म भरायचे राहून जाते. त्यांच्यात कुवत आहे, सोबत शिकवणारे कोणी नाही.

यावर उपाय मुंबईनेच एकदा करून दाखवला आहे. १९४६ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्या मुलांना शिकून कामावर जाता यावे म्हणून. कारकून, शिपाई, गिरणीतली पोरे त्या वर्गांतून पदवीधर झाली. जिथे कामगार आहे तिथे, त्याच्या वेळेला कॉलेज. पंचाहत्तरहून अधिक वर्षांपूर्वी एका संस्थेला जे जमले, ते आज राज्य सरकारला अवघड नसावे.

म्हणून मागणी साधी आहे. मरोळला सरकारी महाविद्यालय द्या. कला, वाणिज्य, विज्ञान, सकाळ आणि संध्याकाळ दोन सत्रांत, रात्री दहापर्यंत उघडी अभ्यासिका धरून. जागेची सबब सांगू नका. एमआयडीसीचे मुख्यालय ‘उद्योग सारथी’ इथेच, महाकाली गुंफा मार्गावर आहे. कारखान्यांसाठी दिलेल्या जमिनींवर हॉटेले आणि कार्यालये उभी राहिलेली आपण रोज पाहतो. एक भूखंड कॉलेजला निघेल. दुसरी गोष्ट त्याहून स्वस्त आहे: स्वाधार आणि स्वयंम् योजनांतली ‘स्थानिक नसावा’ ही अट झोपडपट्टीत आणि पाड्यात राहणाऱ्या मुलांसाठी काढा. त्याला भूखंड लागत नाही, एक शासन निर्णय लागतो.

मरोळमध्ये राहणाऱ्या वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी नगरसेवक किंवा आमदार गटार, पाणी, पुनर्विकास यांवर बोलायला तुमच्या गल्लीत येतील, तेव्हा एकदा विचारा: आमच्या मुलींचे कॉलेज कुठे आहे? उत्तर येईपर्यंत विचारत राहा.