प्रोजेक्ट डेव्हलपमेंटमध्ये आहे

यवतमाळच्या पोट्ट्याला कार्टून मालिका करायची तर मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. २००८ चा ‘छोटा भीम’ तिथलाच. पण चॅनेलवाले आधी विचारतात, हीरो खातो काय? भीमाला लाडू, मोटूला समोसा. कापूसपट्ट्यातल्या हीरोला झुणका-भाकर दिली तर डबे-दप्तरं कशी खपणार? मग वऱ्हाडी काढा, यवतमाळ काढा, नकाशात नसलेलं एखादं ढोलकपूर घाला. फाळक्यांनी १९१५ साली काडेपेटीतल्या काड्या नाचवून ‘आगकाड्यांची मौज’ केली, तेव्हा पिच डेक कुणी मागितला नव्हता म्हणून बरं. एवढं करूनही उत्तर ठरलेलं: ‘प्रोजेक्ट डेव्हलपमेंटमध्ये आहे.’ पोट्टा घरी तेच सांगतो. बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याची वर्षानुवर्षं वाट पाहिलेल्या बापाला वेगळं समजवावं लागत नाही.