खलनायकाला पार्किंग नाही

ठाणे-वाशी गाडीतून कोपरखैरण्याला उतरणारा वाचक खलनायकांच्या बाबतीत फार मोठ्या मनाचा असतो. जॉर्ज मार्टिनच्या 'गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये (१९९६) जेमी लॅनिस्टर एका लहान पोराला खिडकीतून खाली ढकलतो. त्याच कादंबरीमालिकेच्या तिसऱ्या खंडात, म्हणजे २००० साली, तोच जेमी स्वतःच्या तोंडाने आपली बाजू मांडतो आणि वाचक विरघळतो. परिस्थितीच तशी होती हो!

मराठी माणसाला यात नवं काय? १९६७ साली शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने घराघरांत कर्णासाठी डोळे पुसायला लावले. त्याच वर्षी इरावती कर्व्यांचं 'युगान्त' आलं. त्यांनी मात्र पदर न भिजवता कर्णाचा हिशेब तपासला. भर सभेत द्रौपदीची वस्त्रं उतरवायला सांगणारा हाच, हे महाभारतात स्पष्ट आहे. 'युगान्त'ला साहित्य अकादमी मिळाली, कर्णाला सहानुभूती. वाटणी तशी न्याय्यच.

मार्टिनचा पाचवा खंड २०११चा; सहाव्याची वाट पाहता पाहता वाद घालायला वेळच वेळ. त्यामुळे चहाच्या टपरीवर जेमी निर्दोष सुटतो, 'हॅरी पॉटर'मधला स्नेप तर केव्हाच सुटलाय.

मग हा उदारमतवादी वाचक आपल्या सेक्टरातल्या गल्लीत शिरतो. रो-हाऊससमोर, त्याच्या नेहमीच्या जागी, शेजाऱ्याची स्कूटर आडवी उभी असते. शेजाऱ्याचं बालपण कसं गेलं, त्याची बाजू काय, कुठल्या खंडात कळणार, यातलं काहीही न विचारता तो सीटवर थाप मारून ओरडतो, "कोणाची रे ही?"