दोन सूत

आमच्या घराची उत्तरेकडची भिंत दोन सूत बाहेर आहे. मिस्त्रीच्या हिशेबात आठ सुतांचा एक इंच, म्हणजे भांडण पाव इंचाचं. या पाव इंचापायी गेल्या वैशाखात आमचं तीन दिवस बोलणं बंद होतं. एकतीस वर्षं नागपुरात फ्लॅटमध्ये काढली, पण तिथल्या भिंती सरळ आहेत की वाकड्या हे पाहायची वेळ कधी आली नाही. कॅलेंडर सरळ लटकलं की भिंत सरळ, एवढंच आमचं स्थापत्यशास्त्र.

घर खाप्याचं. सावनेर तालुक्यात कन्हानच्या काठावरचं हे गाव, नगरपालिका १८६७ सालची, आणि ओळख हातमागाची. आमचे बाबा विणायचे. त्यांच्या मागे घर बारा वर्षं कुलपात होतं. मी बँकेतून निवृत्त झालो आणि ही शाळेतून, तेव्हा ती म्हणाली, "एकदा जाऊन बघून तर येऊ." बघायला म्हणून गेलो ते घमेलं उचलूनच बसलो.

आधी रीतीप्रमाणे मिस्त्री बोलावला. त्याने सपरीत उभं राहून वर कवेलूंकडे पाहिलं, मयालीत नख रुतवून पाहिलं, आणि डॉक्टर नातेवाइकाला बाजूला घेतात तसं मला अंगणात नेऊन म्हणाला, "पाडून टाका भाऊ. स्लॅब मारू मस्त. कायले यात पैसे घालता?" मग त्याने आकडा सांगितला. तो ऐकल्यावर घराच्या आधी मीच खाली येतो की काय असं हिला वाटलं असावं. तो गेल्यावर म्हणाली, "आपणच करू."

'आपण' हे मराठीतलं फार फसवं सर्वनाम आहे. पुढच्या वर्षभरात त्याचा अर्थ मला नीट कळला. सब्बल, कुदळ, टोपलं ही कामं माझी. थोडं मागे सरकून, कमरेवर हात ठेवून, "अजून थोडं डावीकडे" म्हणणं हे काम तिचं.

परस साफ करण्यात पंधरा दिवस गेले. गाजरगवत, बाभळीची रोपं, चार बिनतळाच्या बादल्या, आणि या सगळ्यातून डोकं वर काढून उभं असलेलं जामाचं झाड. पुण्याकडचे लोक त्याला पेरू म्हणतात, तो त्यांचा प्रश्न. झाड बाबांनी लावलेलं, पण मालकी वानरांची. ती रोज सकाळी शेजारच्या पत्र्यावरून आमच्या कवेलूंवर आणि कवेलूंवरून जामावर उड्या टाकत येत. मी पाखं फेरायला घेतलं. एकेक कवेलू काढायचा, पुसायचा, पुन्हा पन्हळीत पन्हळ बसवत लावायचा. कुंभाराने चाकावर काढलेले हे गावठी कवेलू घडवणारं आता कोणी सापडेना, म्हणून पडलेल्या घरांवरचे जुने नगावर विकत आणले. चार दिवसांत पाखं झालं. पाचव्या दिवशी एक थोराड वानर त्यावरून असं चालत गेलं की जणू नगरपालिकेकडून पाहणीला आलंय. सात कवेलू गेले. त्यातले दोन, खरं सांगतो, माझ्या पायाखालचे होते. पण ते वानराच्या नावावर लिहिले.

खरी फजिती भिंतीने केली. खालच्या हातभर भागातली माती झडली होती. मी सिमेंट आणलं. रेतीही आणली, तीही गोण्यांनी विकत. नागपुरातल्या कित्येक इमारतींच्या पोटात कन्हानची रेती आहे, आणि नदी हाकेच्या अंतरावर असताना आम्ही ती मोजून घेत होतो. या कामात मला लॉरी बेकर आठवायचे. साध्या घरांसाठी नावाजलेला हा वास्तुशिल्पी विलायतेतून आला आणि इथलाच झाला. घर पाच मैलांच्या आत मिळेल त्याच सामानाने बांधावं, ही गांधीजींची गोष्ट त्याने जन्मभर धरून ठेवली. गांधीजींनी स्वतःही १९३६ साली इकडे वर्ध्याजवळ सेवाग्रामला माती-बांबूच्या घरात बिऱ्हाड केलंच होतं. हिने शाळेच्या किती सहली तिथे नेल्या असतील. तरी मी प्लास्टर केलं ते सिमेंटचंच, आणि तेही गुळगुळीत. आठ दिवस येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होतो.

आषाढात ते ताटाताटाएवढ्या पोपड्यांनी सुटलं. मातीची भिंत ओल पिते आणि ऊन पडलं की सोडते. सिमेंटने तिचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, माती फुगते आणि प्लास्टरला ढकलून देते. हे मला पुढे वाचून कळलं. शेजारच्या आजींना ते न वाचताच ठाऊक होतं. "भितीले दम घेऊ द्या ना जी," त्या म्हणाल्या, "सिमिट कायले चोपडलं?" मग त्यांच्याच देखरेखीखाली पांढरी माती चाळली, तिच्यात कुटार घातलं आणि गारा आठ दिवस भिजत ठेवला. पाचव्या दिवसापासून त्याला जो वास सुटला त्याचं वर्णन जेवणाआधी वाचणाऱ्यांसाठी टाळतो. आजींच्या मते वास आला म्हणजे गारा जमला. तो पायाने तुडवायचा असतो. निवृत्त बँक कर्मचारी आणि निवृत्त मुख्याध्यापिका एकमेकांचे खांदे धरून चिखलात पाय आपटताहेत, हे दृश्य पाहून रस्त्यावरून जाणारा सायकलवाला थांबला. "काय बाप्पा मॅडम, नाचून रायले का?" तो हिचा जुना विद्यार्थी निघाला. तिने त्याला आत बोलावून अर्धा तास तुडवायला लावलं.

आता त्या दोन सुतांचं. उत्तरेच्या भिंतीला गारा लावण्याआधी ती सरळ आहे का ते पाहायचं होतं. बाबांच्या पेटीत सुताची लडी मिळाली, अजून मजबूत. तिचं एक टोक हिने धरलं, एक मी. ती म्हणाली भिंत बाहेर आहे. मी म्हणालो सूत ढिलं आहे, तुझ्याकडून. ती म्हणाली तुमच्याकडून. मग विषय सुतावरून १९९६ सालच्या एका लग्नापर्यंत गेला, कसा ते आता दोघांनाही सांगता येणार नाही. तीन दिवसांनी मी निमूटपणे ओळंबा केला. गुमगावची मँगनीज खाण खाप्यापासून जवळच, त्यामुळे परसात तसले काळे खडे दोन-चार होतेच. आकाराने लिंबाएवढा, वजनाला बत्त्यासारखा. त्यातला एक सुताला बांधून भिंतीलगत सोडला. हेलकावे घेऊन खडा थांबला आणि निकाल दिला. भिंत दोन सूत बाहेर होती. सूतही ढिलं होतं. कोणाकडून, ते खड्याने सांगितलं नाही.

त्याच भिंतीजवळची शहाबादी फरशी चालताना ढब्ब वाजायची. काढून पाहिली तर खाली भरलेला खड्डा. बाबांचा माग इथे होता हे मला माहीत होतं, पण पायाखाली तो खड्डा अजून आहे हे डोक्यात आलं नव्हतं. विणकर जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि खालच्या पावड्या दाबत राहतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोरड्या हवेने सुती धागा पटापट तुटतो, आणि जमिनीजवळची ओल तो तुटू देत नाही. म्हणून आई ती जागा सारखी शिंपडायची. मला वाटायचं तिला स्वच्छतेचं वेड आहे. माती उपसताना तळाशी दोन बोरूच्या कांड्या निघाल्या, आणि धोट्याचं एक टोक, वापरून वापरून साबणाच्या वडीसारखं झालेलं. खड्ड्याची कड मापली. ती भिंतीला अगदी समांतर, म्हणजे तीही दोन सूत बाहेर. त्या मागावर विणलेली लुगडी कोणी वाकडी म्हणून परत केल्याचं आठवत नाही.

भिंत तशीच ठेवली. खड्डा बुजवून टाइल्स लावू, असं माझं मत होतं. ते विचारात घेतलं गेलं नाही. हिचे गुडघे दुखतात, खाली मांडी घालता येत नाही. आता ती खड्ड्याच्या कडेला बसते, पाय आत सोडते आणि मेथी निवडते. काल संध्याकाळी मी चहा घेऊन गेलो तर तिचे पाय आत खालीवर होत होते, एक डावा, एक उजवा, थेट तालात. मी कप हातात घेऊन उभाच राहिलो. बाबांचे पाय असेच चालायचे.

"असे काय बघता?" ती म्हणाली. "मुंग्या चढून राहिल्यात. पावडर आणा आधी."