टेकडीवरचे रिजेक्शन

भोसरीतल्या एखाद्या वर्कशॉपने चाकणच्या गाडीकारखान्याला बुशचा लॉट पाठवला आणि त्यात दहा-वीस नग खराब निघाले, तर काय होते ते कुठल्याही वेंडरला विचारावे. माल परत येतो, बिलातून पैसे कापले जातात, पाच वेळा ‘का’ विचारून घडल्या प्रकाराचे मूळ कारण लेखी द्यावे लागते आणि पुढच्या महिन्यात ऑडिटर दारात उभा असतो. खराब नग शेकड्यात मोजणे इथे मागासलेपणाचे मानतात. दहा लाखांत किती, म्हणजे पीपीएममध्ये बोलतात. मात्र याच पट्ट्यातल्या कंपन्या जुलैतल्या एखाद्या शनिवारी बस भरून रोपे लावायला टेकडीवर जातात, तेव्हा ही सगळी शिस्त हेल्मेट आणि सेफ्टी शूजबरोबर गेटवरच जमा होत असावी. टेकडीवर एकच आकडा चालतो: लावलेली रोपे. जगलेली किती, हा रकाना तक्त्यात छापलेलाच नसतो.

तसा हा ‘स्वयंसेवा दिन’ कार्यक्रम म्हणून काटेकोर असतो. खड्डे आदल्या दिवशी रोजंदारीच्या माणसांनी खणून ठेवलेले असतात. त्यांना टी-शर्ट मिळत नाही, कारण ते स्वयंसेवक नव्हेत. एका रोपाला पाच हात लागतात, त्यातला एक मोबाइल धरणारा. बॅनरवर तुकोबा असतात; देहू इतके जवळ असल्यावर त्यांची सुटका नाही. मग पोहे, चहा, प्रमाणपत्र. अलीकडे याला सकाळच्या निसर्गफेरीची जोड मिळाली आहे आणि ‘वनस्नान’, म्हणजे झाडांत निवांत वेळ घालवणे, हा शब्दही टेकडी चढू लागला आहे. जपानच्या वनखात्याने तो काढला १९८२ साली, म्हणजे पिंपरी-चिंचवडची महापालिका झाली त्याच वर्षी. जपानकडून या पट्ट्याने सतत सुधारणेचे कायझेन घेतले, टापटिपीचे फाइव्ह एस घेतले, आता वनस्नानही घेतले. ‘गेम्बा’ तेवढे शॉप फ्लोअरवर राहिले. जिथे काम चालते तिथे स्वतः जाऊन बघायचे, असा त्या शब्दाचा साधा अर्थ आहे. टेकडीवर पुन्हा जाऊन बघणे कुणाच्याच कामाच्या यादीत नाही.

फेरी आणि लागवड एकाच सकाळी ठेवण्यात तर विनोदच आहे. सात वाजता वाटाड्या सांगतो की हे कुसळी गवत म्हणजे उजाड जमीन नव्हे. टिटवी आणि चंडोल उघड्या जमिनीवरच घरटे करतात, आणि घाटमाथा सोडून पूर्वेला आले की पाऊस इतका झपाट्याने उतरतो की अनेक माळ मुळातच गवताचे असतात. सगळे माना डोलावतात. साडेआठला त्याच गवतावर कुदळ चालते, कारण सरकारी कागदावर त्या माळाचे नाव ‘पडीक’ आहे. खड्ड्यात जाते ते बहुधा नर्सरीत मुबलक असलेले: मादागास्करचा गुलमोहर नाही तर मध्य अमेरिकेतले गिरिपुष्प. हिवर, धावडा, मोई वाटाड्याच्या भाषणात भरपूर, पिशवीत क्वचित.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: निदान माणसे घराबाहेर पडतात, जागृती होते. होते, नाकारत नाही. पण कायझेनवर निबंध लिहिला म्हणून कुठल्या वेंडरचा लॉट पास झाला आहे? दुसरा आक्षेप वजनदार आहे: कंपनी कायद्याचे कलम १३५. मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक जबाबदारीच्या (सीएसआर) कामांवर वर्षभरात खर्च करायची, मार्चअखेर हिशेब बंद. मग एप्रिलच्या पाण्याचे पैसे आणायचे कुठून? हे ऐकायला पटते, पण २०२१ पासूनच्या नियमांत चालू प्रकल्पाला सुरुवातीचे वर्ष सोडून पुढची तीन वर्षे मिळतात आणि न खर्चलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवता येते. रोपाला मूळ धरायला लागतो साधारण तेवढाच काळ. उलट कर्मचाऱ्यांनी टेकडीवर घालवलेल्या तासांचे पैसे लावून ते या खर्चात दाखवायला सरकारने नकार दिला आहे. म्हणजे कायद्याने पाण्याची सोय ठेवली आणि फोटोची किंमत शून्य केली. आपण नेमके उलटे वाचले.

सगळा दोष कंपन्यांच्या माथी मारणेही बरे नव्हे. मोजण्याची ही तऱ्हा वरून आली आहे. राज्याने १ जुलै २०१६ ला दोन कोटी झाडांपासून सुरुवात केली आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटींचे लक्ष्य ठेवले. पुढे २०२१ मध्ये या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. पण याच पट्ट्यात वेगळेही घडले आहे. टेल्कोचे, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचे, तेव्हाचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांनी कंपनीच्या पिंपरीतल्या उघड्या जमिनीवर तळे करवून घेतले, झाडे वाढवली आणि तिथे पक्षी आले. ते एका शनिवारचे काम नव्हते. घोरावडेश्वरच्या डोंगरावरही उन्हाळ्यात पाण्याचे कॅन घेऊन चढणारी माणसे आहेत. त्यांच्याजवळ बॅनर नसतो, कारण दोन्ही हात अडकलेले असतात.

तेव्हा मागणी एवढीच की स्वयंसेवा दिन जुलैतून उचलून एप्रिलच्या शेवटच्या रविवारी न्यावा. खड्डा नको, रोप नको. माणशी पाच लिटर पाणी आणि एक वही. मागच्या पावसाळ्यातली रोपे ओळीने मोजायची आणि दुर्गा टेकडीच्या पायथ्याशी, प्लांटमध्ये लावतात तसा, एक फलक लावायचा: लावली इतकी, उभी इतकी, रिजेक्शन इतके, पुढे कंपनीचे नाव. पीपीएमचा आग्रह नाही, शेकड्यात चालेल. या प्रस्तावाला एचआरचा एकच विरोध असणार, आणि तो मान्य करावा लागेल: एप्रिलमध्ये टेकडीवर माणसे थांबत नाहीत, कारण तिथे सावली नसते.